म्हैसूरचा राजवाडा, सात वाजून गेल्यावर

रविवारी संध्याकाळी सातला म्हैसूरच्या अंबाविलास राजवाड्यासमोर गर्दी मोबाइल उंचावून उभी असते. दिवे लागतात, एकच हलकल्लोळ होतो आणि प्रत्येकाच्या स्क्रीनवर तोच पिवळाधमक लगदा उमटतो. चामुंडी टेकडी, बाजार, रेशमाची दुकानं, सगळं दोन दिवसांत उरकलं. लिहायचंय ते या लगद्याबद्दल, कारण तो समोर ठेवून डिजिटल चित्र काढायला बसलं की चित्राचाही लगदाच होतो.

या राजवाड्यावर झोत टाकलेले नाहीत. जवळपास १ लाख छोटे बल्ब आहेत आणि ते कडांवर बसवलेत: कमानी, कठडे, छज्जे, घुमटांच्या शिरा. जुना लाकडी वाडा १८९७ साली जळाला आणि ब्रिटिश वास्तुविशारद हेन्री आयर्विनच्या आराखड्यावर हा दगडी राजवाडा १९१२ साली पुरा झाला. त्याला कडा मोजाव्यात तेवढ्या थोड्या. भिंत अंधारात राहते, डोळ्यांना दिसते ती ठिपक्यांची रेघ. अंधारातला फोटो आपोआप उजळवणारा फोनचा नाइट मोड नेमका उलटा वागतो. भिंत उजळवतो, रेघ पुसतो. म्हणून तो बंद करायचा, बल्बवर बोट दाबून फोकस लॉक करायचा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते माप, उणे दीड ते दोनवर आणायचं. दिवे फार तर तासभर असतात, तेव्हा हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. मे-जूनमध्ये सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो, त्यामुळे सातला आकाशात गडद निळा शिल्लक असतो. डिसेंबरात सहालाच सूर्य बुडतो आणि मागे नुसता काळा पडदा उरतो. माझ्या मते चित्रासाठी डिसेंबर फुकट.

दिवसाचाही एक फोटो हवाच. करड्या ग्रॅनाइटच्या भिंती, गुलाबी संगमरवरी घुमट आणि मधला १४५ फुटी मनोरा यांची मापं रात्री कळत नाहीत. फोन वर तिरका धरला की उभ्या रेषा आत झुकतात. रेखाटनाआधी त्या सरळ करून घ्या.

चित्रकलेच्या ॲपमध्ये कॅनव्हास ६००० बाय ४००० पिक्सेल, १६ बिट (बिट जास्त, तितक्या रंगछटा जास्त). ८ बिटमध्ये आकाशाच्या उतरत्या निळ्यात पट्टे पडतात. भिंतीला काळा लावू नका, बल्बांचा उजेड दगडावर थोडा सांडतोच: ० ते २५५च्या मापात लाल ४२, हिरवा २८, निळा १८ असा तपकिरी घ्या. बल्ब एकेक टिंबत बसायचं नाही. पेन टूलने कडांचे पाथ, म्हणजे ब्रशला वाट दाखवणाऱ्या रेषा, काढा आणि त्यावर ७ पिक्सेलचा कडक गोल ब्रश फिरवा, स्पेसिंग, म्हणजे ठिपक्यांमधलं अंतर, ३०० टक्के. आपल्यापासून दूर जाणाऱ्या भागाला ५ पिक्सेल, नाहीतर सगळा राजवाडा पुठ्ठ्यावर छापल्यासारखा सपाट दिसतो. दर्शनी बाजूसाठी मिरर टूल (एका बाजूला काढलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवणारं) चालतं, पण शेवटी ते बंद करून वीसेक ठिपके इकडेतिकडे खोडा. इतक्या बल्बांत काही गेलेले असणारच, आणि तेवढ्यानेच चित्र खरं वाटतं.

खरी माती खातो तो ग्लो, म्हणजे बल्बांभोवतीचं तेजोवलय. बल्बच्या लेअरच्या (चित्रातल्या त्या थराच्या) दोन प्रती काढा. पहिलीला ८ पिक्सेल ब्लर (धूसरपणा), ओपॅसिटी (थर किती गडद दिसावा ते) ६० टक्के. दुसरीला ४५ पिक्सेल, ओपॅसिटी २० टक्के. दोन्ही स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे खालचा थर हळुवार उजळवणाऱ्या मिश्रणात. ॲड मोड मोहात पाडतो, पण त्यात उजेडाची नुसती बेरीज होते. घुमटाच्या शिरा कळसापाशी जवळ येतात तिथे ती बेरीज पांढऱ्यावर जाऊन आपटते आणि कळसच नाहीसा होतो. स्क्रीन मोडमध्येही तेवढ्या भागावर मास्क (थराचा तेवढाच भाग झाकणारा पडदा) घालून ग्लो निम्मा करावा लागतो.

आतला अष्टकोनी कल्याणमंडप, त्याचं मोरांच्या नक्षीचं रंगीत काचेचं छत, हे वेगळं चित्र आहे. रेडियल सिमेट्री (एक फाक काढली की ती मध्याभोवती आपोआप गोल उमटते), ८ भाग, ४५ अंशांची एकच फाक नीट काढायची. मागचा लोंढा ढकलत असताना बरोबर मध्याखाली उभं राहून फोटो मिळणं कठीण, म्हणून फाक फोटोवरून गिरवू नका. फोटो फक्त रंगांसाठी.

छापायचं असेल तर सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलल्यावर निळ्यातला मॅजेंटा (गुलाबीसर शाई) १० ते १५ टक्क्यांनी उतरवा. तसंच पाठवलं तर आकाश वांग्याच्या रंगाचं येतं.