विश्रांतीने बिघडणारी मोटर

जुनी गाडी हौसेने सांभाळणारा माणूस आभाळ भरून आलं की आधी गाडी आत घेतो. पत्रा गंजेल, दारांच्या रबरांतून पाणी झिरपेल, ही भीती. त्यामुळे वायपरची गंमत होते. त्याला काम असतं, तेव्हा गाडी नेमकी झाकून ठेवलेली असते. इंजिन अधूनमधून सुरू होतं, ब्रेक दाबले जातात, हॉर्न तर येणारंजाणारं पोरही वाजवून जातं. वायपरची मोटर मात्र बॉनेटखालच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं तशीच बसून राहते. मग कधीतरी पाऊस वाटेत गाठतो, आपण स्विच दाबतो आणि दोन्ही ब्लेड काचेच्या मध्यापर्यंत येऊन अडतात.

‘मोटर गेली’ असं लगेच म्हटलं जातं आणि नव्या मोटरचा शोध सुरू होतो. माझं मत विचाराल तर मोटर सहसा गेलेली नसते. ती झिजते ती कामाने, आणि काम तर तिला मिळालेलंच नसतं. बिघडलेलं असतं ते ग्रीस. पन्नास वर्षांपूर्वी भरलेलं ग्रीस आता मेणासारखं घट्ट झालेलं असतं आणि बिचारी मोटर त्यातून सगळी यंत्रणा ओढू पाहत असते.

ही यंत्रणा ज्यांनी उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मिनी, एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर अशा अनेक ब्रिटिश गाड्यांत लुकस कंपनीची मोटर असते आणि तिचं काम केबलवर चालतं. मोटरच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे, कापलेला असतो, तो एक गिअर फिरवतो. गिअरवरच्या पिनेला जोडलेला छोटा दांडा मागेपुढे होतो आणि त्याच्या टोकाला एक केबल असते. साधी केबल नव्हे, तिच्याभोवती तारेचा पीळ असा घातलेला असतो की तिला आटे आहेत असं वाटावं. धातूच्या नळीतून ती डॅशबोर्डामागे जाते आणि तिचे आटे दोन छोट्या दातेरी चाकांत अडकतात. ही चाकं ज्या डब्यांत बसतात त्यांना व्हीलबॉक्स म्हणतात. चाकाची दांडी पत्र्यातून बाहेर डोकावते, तिच्यावर वायपरचा हात बसतो. म्हणजे गोल फिरण्याचं झालं मागेपुढे सरकणं आणि सरकण्याचं झालं पुन्हा अर्धंमुर्धं फिरणं. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, तर मोटर कुठेही बसवता यावी आणि केबल वळणं घेत काचेखाली पोचावी म्हणून. आणि प्रत्येक वळणावर ते मेणचट ग्रीस दबा धरून बसलेलं असतं.

म्हणूनच मोटरचे स्क्रू काढायच्या आधी केबल सोडवून ती हाताने ओढून पाहावी. वायपरचे हात आधी काढून ठेवायचे, म्हणजे काचेचं घर्षण मधे येत नाही. एमजीबीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये यासाठी आकडाच दिलेला आहे: नळीतून केबल हलवायला ६ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २.७ किलोपेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. ताणकाटा लावून बघायचं. एवढ्या साध्या चाचणीत आजार मोटरचा की केबलचा याचा निकाल लागतो. तरीही ही चाचणी न करता मोटर बदलणारे लोक आहेत, आणि नवी मोटरही काही दिवसांत तशीच कण्हू लागली की ते कंपनीच्या नावाने बोटं मोडतात.

केबल बाहेर काढून रॉकेलमध्ये धुतली, नळीतून चिंधी ओढून घेतली आणि ताजं ग्रीस लावलं की निम्मं काम झालं. व्हीलबॉक्स काढायचे असले तर डॅशबोर्डाखाली उताणं पडून, अंगठ्याने चाचपत, दिसत नसलेल्या नटाला पाना लावावा लागतो. या कामाला शहाणा माणूस नाही म्हणेल. पण एक फायदा आहे. चाकाला दात पूर्ण वर्तुळभर असतात आणि वायपर काचेवर जेमतेम एक-तृतीयांश वर्तुळ फिरतो. झिजतात ते तेवढेच दात. चाक अर्धा फेरा फिरवून बसवलं की केबलला कोरे दात मिळतात. ज्याने हे चाक आखलं त्याच्या मनात हे होतं की नाही कोण जाणे, पण मला ती त्याची पुढच्या मालकाला ठेवलेली दक्षिणा वाटते.

आता मोटर. साठीच्या दशकापर्यंतच्या लुकसच्या मोटरींत चुंबकाच्या जागी तारेची गुंडाळी असे. पुढे आलेल्या १४डब्ल्यू मोटरीत कायमचा चुंबक आला. फरक फक्त वजनाचा नाही. गुंडाळीच्या मोटरीच्या वायरी उलट जोडल्या तरी ती त्याच बाजूला फिरते, कारण गुंडाळी आणि आर्मेचर, म्हणजे मोटरीचा आतला फिरणारा भाग, या दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो. चुंबकाच्या मोटरीत तसं होत नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जोडलेलं असे. तशी गाडी निगेटिव्ह अर्थवर आणताना जुनी मोटर मुकाट्याने चालत राहते, नवी मात्र विचारात घ्यावी लागते.

१४डब्ल्यू उघडताना चुंबकाच्या डब्यावर आणि गिअरच्या घरावर खूण आहे ना, हे आधी बघायचं. नसली तर खिळ्याने ओरखडा काढायचा. डबा अर्धा फेरा फिरून बसला तर मोटर उलटी चालते. आर्मेचर बाहेर काढताना चुंबक ते सोडायला तयार नसतो, आणि परत घालताना असा खेचून घेतो की बोट मधे असलेलं बरं नव्हे. टेबलावर लोखंडाचा कीस पडला असेल तर तोही सगळा जाऊन आत बसतो. म्हणून आधी टेबल पुसायचं. दुरुस्तीच्या पुस्तकांत ही पायरी क्वचितच लिहिलेली असते.

आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर असतो, त्यातून वीज आत जाते. त्याच्यावर काळा थर असतो, तो पेट्रोलच्या चिंधीने निघतो. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत कार्बनची पूड भरलेली असते, ती टोकदार लाकडी काडीने कोरून काढायची. कॉम्युटेटरवर टेकून त्याला वीज देणारे कार्बनचे तुकडे, म्हणजे नुसते ‘कार्बन’, दोन वेगांच्या मोटरीत तीन असतात. तिसरा थोडा तिरका बसवलेला असतो आणि प्रवाह त्याच्यातून दिला की मोटर वेगात पळते. कल्पना फार सुंदर आहे. पण जोडताना तिन्ही कार्बन स्प्रिंगच्या जोरावर मध्ये येऊन बसतात आणि कॉम्युटेटरला वाट देत नाहीत. एका हाताने तिघांना मागे धरायचं, दुसऱ्याने चुंबकाशी झुंजत आर्मेचर सरकवायचं. तिसऱ्या हाताची उणीव माणसाला भासते ती इथे. दोऱ्याचे फासे घालून कार्बन मागे ओढून धरायचे आणि आर्मेचर बसलं की दोरे सोडवून घ्यायचे, हा त्यातल्या त्यात सभ्य उपाय.

पण मला या मोटरीचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते तिच्या थांबण्याचं. फिरणं काय, कुठलीही मोटर फिरते. वायपरचा स्विच बंद केला, तेव्हा ब्लेड काचेवर कुठेही असू शकतात. पण त्यांनी थांबायला हवं ते काचेच्या तळाशीच. म्हणून आपण बंद केलं तरी गिअरच्या घरातला एक छोटा स्विच मोटरला गुपचूप वीज देत राहतो. ब्लेड तळाशी आले की गिअरच्या पाठीवरचा उंचवटा तो स्विच दाबतो आणि वीज तुटते. तरी वेगात असलेलं आर्मेचर पुढे जाईलच ना? तर त्याच क्षणी तो स्विच मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडून देतो. फिरणारं आर्मेचर जनरेटर होतं, आपलीच वीज आपल्यावर उलटवतं आणि जागच्या जागी थांबतं. वेगळा ब्रेक नाही, वेगळा खर्च नाही.

हा स्विच मळला की लक्षणं लगेच कळतात: ब्लेड मधेच थांबतात, नाहीतर बंद करूनही फिरतच राहतात. दोन्ही वेळा दोष मोटरला दिला जातो.

इन्टेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, निर्वातावर चालणारे वायपर एकेकाळी अनेक गाड्यांत असत. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की निर्वात कमी व्हायचा आणि वायपर संथ व्हायचे, म्हणजे समोरचं नीट दिसायची सर्वात जास्त गरज असतानाच. त्याआधी तर हाताने दांडी हलवावी लागे. मेरी अँडरसनला १९०३ मध्ये मिळालेलं पेटंट तशाच वायपरचं होतं. हे आठवलं की दोऱ्याचे फासे फारसे जाचत नाहीत.

मोटर जोडून झाली की ती गाडीत बसवण्याआधी बॅटरीला लावून बघावी. केबल न जोडता मिनिटभर चालू दिली की मंद वेगात ती सुमारे दीड अँपिअर घेते आणि मिनिटाला ४६ ते ५२ फेरे फिरते. घड्याळ समोर ठेवून गिअरची पिन मोजता येते. अँपिअर जास्त आणि फेरे कमी असतील तर आत कुठेतरी घासतंय, परत उघडा. सगळं बरोबर असूनही गाडीत गेल्यावर ती रेंगाळली तर काळी वायर बघायची. मोटर रबराच्या गादीवर बसते, त्यामुळे बॉडीचा अर्थ तिला मिळत नाही, तो या एका वायरीवर अवलंबून असतो. वायरीच्या टोकाचा गंज खरवडून काढून बरी झालेली ‘गेलेली’ मोटर मी पाहिली आहे.

वायपरचे हात सगळ्यात शेवटी चढवायचे. आधी मोटर एकदा चालवून बंद करायची, तिला तिच्या जागी जाऊन थांबू द्यायचं, मग ब्लेड तळाशी आडवे ठेवून हात दांडीवर दाबायचे. आणि चाचणी कोरड्या काचेवर घ्यायची नाही. कोरडी काच रबर धरून ठेवते आणि नव्याने सावरलेल्या मोटरीवर उगाच ताण येतो. मी हल्ली पावसाची वाट बघत नाही. आठवड्यातून एकदा काचेवर तांब्याभर पाणी ओततो आणि स्वच्छ उन्हात दोन मिनिटं वायपर चालवतो. बघणारे आभाळाकडे बघतात, मग माझ्याकडे.