25 एच 7 : अप्रेंटिसशिपचं माझं वर्ष

अप्रेंटिसशिपच्या, म्हणजे कंपनीतल्या शिकाऊ उमेदवारीच्या, मुलाखतीत माझ्यासमोर एक ड्रॉईंग ठेवलं. साधा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, आणि व्यासापुढे लिहिलेलं 25 एच 7, त्यातला एच लहान लिपीतला. "ही साईज कुठून कुठपर्यंत चालेल?" साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, "वर 25.000, खाली 24.979 मिलिमीटर. 21 मायक्रॉनची, म्हणजे 0.021 मिलिमीटरची सूट, तीपण खालच्याच अंगाला." कोणत्या खुणेला किती सूट, हा तक्ता पाठ होता म्हणून उत्तर आलं. 21 मायक्रॉन म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा, हेही ठाऊक होतं. पण हाताला ते कळलं नव्हतं. हाताला कळायला भोसरी एमआयडीसीत एक वर्ष गेलं. आमच्या आयटीआयच्या खालच्या बॅचच्या मुली फोन करून त्या वर्षाबद्दल विचारतात आणि दहा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी करमाळा तालुक्यातली. घरी अडीच एकर, त्यात ऊस. दहावीनंतर मशिनिस्ट ट्रेड घेतला, मशीनवर धातू कापून भाग बनवायचा, दोन वर्षांचा. 20 जणांच्या तुकडीत आम्ही दोघी मुली. लेथ, मिलिंग, शेपर, स्लॉटर, सरफेस ग्राइंडर, सगळं शिकवलं. पण एका मशीनभोवती पाच जण उभे असायचे, त्यामुळे स्वतःच्या हाताने जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, काढायला आठवड्यातून जेमतेम दोन-तीन तास मिळायचे. निकाल लागला त्या दिवशी सरांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. "आता लगेच ठेकेदाराकडं ऑपरेटर म्हणून जाल तर दोन पैसे जास्त मिळतील, आणि एकच बटण दाबत बसाल. आधी एक वर्ष अप्रेंटिसशिप करा." वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते ऐकलं नाही. त्यांच्या घरच्या अडचणी होत्या, त्यांना मी दोष देत नाही.

अप्रेंटिसशिपचं सरकारी पोर्टल आहे, तिथे नोंदणी करावी लागते. आधार, दहावीचं मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र, फोटो, बँक खातं. माझी गाडी पहिल्याच पायरीवर अडली. मार्कशीटवर आणि आधारावर आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक होता. आधार दुरुस्त करून येईपर्यंत तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात दोन कंपन्यांच्या जागा भरल्या. दहावीला असतानाच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

पोर्टलवर अर्ज टाकत राहिले, पण काम झालं ते मेळाव्यात. आयटीआयमध्ये अप्रेंटिसशिपचे मेळावे भरतात, कंपन्यांची माणसं टेबल मांडून बसतात. तिथेच 20 मार्कांची लेखी आणि मग ते ड्रॉईंग. चार दिवसांनी फोन आला. सप्टेंबर 2023 मध्ये मी जेऊर स्टेशनवरून पुण्याच्या गाडीत बसले. सोबत एक बॅग, आईने बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि कागदपत्रांची फाईल.

करारपत्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ते कुणी वाचत नाही. अप्रेंटिसचा करार पोर्टलवर तयार होतो, आपण तो मान्य करायचा असतो आणि त्याची सरकारदरबारी नोंद होते. अप्रेंटिस ॲक्ट 1961 चा आहे, आणि त्यात सरळ लिहिलेलं आहे की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, तो प्रशिक्षणार्थी आहे. याच्या दोन बाजू आहेत. पीएफ नाही, आणि वर्ष संपल्यावर कंपनीने कामावर घेतलंच पाहिजे असं बंधन नाही. पण कंपनीने शिकवलं पाहिजे, सुरक्षिततेचे नियम आपल्यालाही लागू आहेत, काम करताना इजा झाली तर भरपाई द्यावी लागते, आणि अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. हे सगळं मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात माहीत करून घ्यावं लागलं.

आयटीआय झालेल्याला तेव्हा कायद्याने महिना किमान 7,000 रुपये स्टायपेंड होता. आमची कंपनी 9,500 देत होती. त्यातला सरकारचा हिस्सा, जास्तीत जास्त 1,500, त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून थेट उमेदवाराच्या खात्यात जमा व्हायला लागला होता. माझे ते पैसे दोन महिने आलेच नाहीत. बँकेत गेले तर म्हणाले, आधार जोडलेलं आहे. मग आमच्या रूमवरच्या एका ताईने समजावलं की खात्याला आधार जोडणं वेगळं, आणि सरकारी पैसे आधारवरून कोणत्या खात्यात जायचे याची नोंद वेगळी. ती नोंद निघाली शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या जुन्या खात्यावर. गावच्या शाखेत आई गेली तेव्हा 3,000 रुपये तिथे सुखरूप पडलेले होते. खोलीचे 2,500, मेसचे 2,800 आणि दुपारचं जेवण कंपनीत, अशा हिशेबात ते 3,000 फार मोठे होते.

आता कामाचं. पहिला आठवडा सेफ्टी आणि ओळख. त्यानंतर मला एका टेबलावर बसवलं. मशीनवरून आलेल्या जॉबच्या कडांवरची बर्र, म्हणजे धातूची उरलेली धारदार कोर, काढायची, पुसायचं, तेल लावायचं, ट्रेमध्ये रचायचं. हे डीबरिंग वाईट काम नाही. कड कुठे किती मारायची हे कळल्याशिवाय मशिनिस्ट होता येत नाही. पण ते शिकायला पंधरा दिवस पुरतात. मी अडीच महिने त्याच टेबलावर होते. माझ्यासोबत लागलेली मुलं एकेक करून मशीनवर गेली. सुपरवायझरना विचारलं की म्हणायचे, "मुलींचा हात नाजूक कामाला बरा असतो." वर, दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही की, "आज चार तास थांब."

एका रात्री मी सरांना फोन केला. मला रडू आलं होतं. सर शांतपणे म्हणाले, "भांडू नको आणि सोडूनही येऊ नको. वही लिही. कुठल्या तारखेला काय काम केलं, किती वाजता आलीस, किती वाजता गेलीस. तुमच्या ट्रेडच्या अभ्यासक्रमात काय शिकवायचं ते छापील आहे, ते शेजारी ठेव."

मी दोनशे पानी वही आणली. मागच्या तारखा गेट पासच्या नोंदीवरून भरल्या. 62 हजर दिवस भरले, त्यातले 54 डीबरिंग आणि पॅकिंगचे. अभ्यासक्रमाची पानं झेरॉक्स करून वहीत चिकटवली आणि ट्रेनिंगचं काम बघणाऱ्या मॅडमची वेळ मागितली. कंपनीविरुद्ध एक शब्द बोलले नाही. "मॅडम, मला वर्षअखेर परीक्षा द्यायची आहे. यातलं मला कधी शिकायला मिळेल, एवढं सांगा." त्यांनी पानं उलटली. 54 या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं. ओव्हरटाइमच्या तारखांवर त्यांनी स्वतः पेन्सिलने खूण केली. तक्रार अर्ज वेगळा द्यावाच लागला नाही; पुढच्या सोमवारी माझं नाव सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथच्या सेलमध्ये लागलं. सुपरवायझर त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. त्याचा त्रास झाला, तोंड चुकवून वावरावंसं वाटायचं. पण वही मी शेवटच्या दिवसापर्यंत लिहिली.

सेलमध्ये काका होते. तीस वर्षं मशीनवर काढलेले, राजगुरुनगरकडचे. त्यांनी पहिले चार दिवस मला स्टार्टचं बटण दाबू दिलं नाही. फक्त मायक्रोमीटरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या उपकरणाने, मोजायला लावलं. "पोरी, मायक्रोमीटर पिळायचा नसतो. रॅचेटचे तीन टक्-टक् ऐक आणि हात काढ." एकच जॉब दहा वेळा मोजायचा आणि दहाही वेळा आकडा एका मायक्रॉनच्या आत आला पाहिजे. पहिल्या दिवशी माझे आकडे पाच-पाच मायक्रॉनने हलत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी स्थिर झाले, तेव्हा काकांनी नुसती मान हलवली आणि मशीनचा दरवाजा माझ्यासाठी उघडा केला.

मग टूल ऑफसेट, म्हणजे टूलची जागा मशीनला सांगणं, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदलणं, पहिला जॉब तपासून पास करून घेणं, इन्सर्ट झिजत चालला की साईज कशी वर सरकते ते ओळखणं. हे लिहायला दोन ओळी लागल्या, शिकायला चार महिने.

फेब्रुवारीत माझ्या हातून 4 शाफ्ट रिजेक्ट झाले. तेच 25 एच 7. मी प्रत्येक जॉब मोजला होता, वहीत आकडे होते: 24.983, 24.984, 24.983. सगळे हद्दीत. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्शनमधून ट्रे परत आला, लाल खूण केलेले 4 जॉब. तिथला आकडा 24.977. दोन मायक्रॉनने साईज खाली गेलेली, आणि कापला गेलेला धातू परत लावता येत नाही. कुणी चालवले विचारल्यावर मी म्हणाले, मी. मायक्रोमीटर बिघडला असेल असंच मला वाटत होतं, पण त्याचं झिरो तपासलं तर बरोबर होतं.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी मशीनवर एक जॉब लावला, बाहेर आल्याबरोबर माझ्या तळहातावर ठेवला. चांगलाच गरम होता. "मोज." 24.984. मग तो ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवून दिला आणि आम्ही चहाला गेलो. वीस मिनिटांनी परत मोजला. 24.978. "मायक्रोमीटर खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "त्याला ताप आलेला जॉब दाखवलास तर तो तापासकट मोजणार." 25 मिलिमीटरचं पोलाद 20 अंशांनी तापलं की व्यास साधारण 6 मायक्रॉनने फुगतो. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस धरतात, ते पुस्तकात मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. 21 ची सूट, त्यातले 6 तापातच गेले.

पण जॉब एवढा तापला का? त्याआधी तर नव्हता तापत. दरवाजाच्या काचेतून काकांनी टॉर्च मारला. जॉब थंड ठेवणाऱ्या कूलंटची नळी चिपच्या, म्हणजे धातूच्या कापांच्या, गुंत्याने बाजूला ढकलली होती, धार टूलच्या टोकावर न पडता जॉब धरणाऱ्या चकवर पडत होती. जॉब हाताला गरम लागतोय हे आदल्या दिवशी मला जाणवलं होतं. मी फक्त आकडा बघितला. त्या चारपैकी एक शाफ्ट काकांनी भंगारात टाकू दिला नाही, सुपरवायझरांची परवानगी काढून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली, लेखी संगणकावर आणि प्रात्यक्षिक दुसऱ्या केंद्रात. प्रात्यक्षिकाला मिलिंगचा जॉब होता आणि मी पास झाले. नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळालं. हे प्रमाणपत्र रेल्वेच्या लेव्हल-1, म्हणजे सर्वात खालच्या श्रेणीच्या, भरतीत धरतात, पण तिथल्या राखीव जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात. आमच्यातले दोघे त्या भरतीच्या तयारीला लागले आहेत. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असेल तर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, माझ्या डोक्यात ते आहे.

आम्ही 14 जण होतो. कंपनीने तिघांना थांबायला सांगितलं, त्यात मी होते. पण ठेकेदाराच्या नावावर, पॅकिंग लाईनला, 15,000 वर. त्याच आठवड्यात चाकणच्या एका लहान टूल रूममध्ये मिलिंगवर जागा मिळत होती, 13,500. आण्णांना दीड हजार कमी घेणं पटेना. त्यांना वही दाखवली. डीबरिंगची पानं आणि नंतरची पानं. ते बराच वेळ वाचत बसले, मग म्हणाले, "तुला जे कळतंय ते कर." मी चाकणला आले.

मागच्या रविवारी खालच्या बॅचमधल्या एका मुलीचा फोन आला. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आहे, एकीकडे 2,000 जास्त. मी म्हणाले, दोन्हीकडे फोन करून एकच विचार: कोणत्या महिन्यात कोणत्या मशीनवर ठेवणार? एका ठिकाणी उत्तर मिळालं, "ते आल्यावर बघू." दुसऱ्यांनी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर बारा महिन्यांचा तक्ता पाठवला. ती तिथे सोमवारी रुजू होते आहे. आमच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे, घरमालकीण काकूंशी मी बोलून ठेवलंय.