मंदिर नक्की कोणाच्या ताब्यात? वीरगळांवरच्या व्याख्यानाचा माझा अनुभव

आमच्या गावच्या इतिहास मंडळाचं व्याख्यान एरवी शाळेच्या हॉलमध्ये होतं. यावेळी विषय होता वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेले कोरीव दगड, आणि वीरगळ स्क्रीनवर दाखवण्यात काही अर्थ नाही, दगडासमोर उभं राहूनच बघायला हवा, म्हणून जुन्या शिवमंदिरापाशीच कार्यक्रम घ्यायचं ठरलं. वक्ते लगेच तयार झाले, माइक आणि सतरंज्या गावातूनच मिळाल्या. अडलं ते परवानगीवर, आणि असं अडलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं.

मंदिर संरक्षित स्मारक आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पण केंद्राचं संरक्षित की राज्याचं, हे कोणीच सांगेना. दोघांचे कायदे वेगळे, केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा, त्यामुळे ऑफिसंही वेगळी. खरं तर दारातल्या बोर्डावर कायद्याचं नाव आणि साल असतं, तेवढं वाचलं तरी कळतं, तुमच्याकडे बोर्ड धड असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा. आमचा नेमका तिथेच गंजलाय, पत्र्याचे पोपडे सुटलेत आणि "दंड" एवढाच शब्द शिल्लक आहे.

पहिल्या ऑफिसात गेलो तर "हे आमच्या यादीत नाही, त्यांच्याकडे जा". दुसऱ्या ऑफिसात "असं कसं, त्यांचंच आहे, त्यांच्याकडून तसं लिहून आणा". परत पहिल्याकडे लेखी मागायला गेलो तर म्हणे जे आमचं नाहीच त्याबद्दल आम्ही लिहून कसं देणार. बरं, हे सगळं तोंडी. अर्ज द्यायला लागलं की साहेब मीटिंगला, आणि आवक शिक्का मारणारी व्यक्ती जागेवर नाही. पोचेशिवाय अर्ज ठेवून येऊ नका, कितीही ताटकळावं लागलं तरी आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेऊनच बाहेर पडा, नाहीतर पुढच्या वेळी तुमचा अर्ज आलाच नव्हता असं ऐकायला मिळतं. आणि याच्यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे कोणी नाही म्हणत नव्हतं! नाही म्हटलं असतं तर निदान कारण तरी विचारता आलं असतं. इकडे वक्त्यांनी दिलेली तारीख जवळ येत होती आणि मंडळातले लोक रोज विचारत होते, काय झालं, काय झालं.

शेवटी कामाला आला तो माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्यात कलम ६(३) आहे, माहिती दुसऱ्या ऑफिसची असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायची जबाबदारी त्या ऑफिसचीच असते, तुम्हाला फेऱ्या मारायला लावता येत नाही. मी परवानगीबद्दल अवाक्षर काढलं नाही, एवढंच विचारलं की हे मंदिर कोणत्या अधिसूचनेने आणि कोणत्या सर्व्हे नंबरवर संरक्षित आहे, अधिसूचनेची प्रत द्या. राज्याच्या ऑफिसला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चालतं, अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. केंद्राच्या ऑफिसला थेट करायचा असेल तर स्टॅम्प नको, पोस्टल ऑर्डर लावा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते म्हणून व्याख्यानाची तारीख पुढे ढकलावी लागली, पण जे तोंडी कोणी सांगत नव्हतं ते टपालाने सहीशिक्क्यानिशी घरी आलं. मला तर पाकीट फोडताना रिझल्ट लागल्यासारखं वाटलं.

मंदिर निघालं केंद्राचं. पण अधिसूचनेत एकच सर्व्हे नंबर, तोही जुना. जमिनींच्या एकत्रीकरणात आमच्याकडे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुना-नवा नंबर जुळवणारा उतारा भूमी अभिलेखमधून काढला आणि तलाठी भाऊसाहेबांकडून नकाशावर बघून घेतलं. तर वीरगळ ज्या पिंपळाखाली आहेत ती जागा त्या नंबरात येतच नाही, ती ग्रामपंचायतीची! सरपंच ताईंनी त्याच दिवशी पत्र दिलं.

मंदिराच्या आत कार्यक्रम असता तर मात्र लेखी परवानगी लागलीच असती, केंद्राच्या १९५९ च्या नियमांत सभासमारंभांना ती अट आहे. रूढ धार्मिक प्रथेला ती लागू नाही, म्हणून महाशिवरात्रीचं कीर्तन आत होऊ शकतं. आणि हद्दीबाहेर असलात तरी मंडपासाठी खड्डे खणू नका, स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं, उगाच वाद नको. आम्ही सतरंज्यांवरच भागवलं.

व्याख्यान मात्र फार सुंदर झालं. संध्याकाळची वेळ मुद्दाम घेतली होती, कारण अंधार पडायला लागला की टॉर्च बाजूने तिरका मारायचा, मग झिजलेलं कोरीवकामही उठून दिसतं. (खडू किंवा पीठ चोळून बघायची सवय कृपया सोडा, दगड खराब होतो.) सगळ्यात खाली पडलेला वीर आणि त्याच्याशेजारी गाई, म्हणजे गोधन वाचवताना गेलेला, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. एका दगडाला शेंदराचा जाड थर आहे, त्याला सगळे म्हसोबा म्हणतात. शेजारच्या आजी म्हणाल्या, "इतकी वर्षं शेंदूर लावतेय, खाली गाई आहेत हे आज दिसलं." शेंदूर खरवडायचा नाही हे वक्त्यांनी तिथेच बजावलं, ते काम जाणकारांचं.

पुढचं व्याख्यान मंदिराच्या सभामंडपातल्या खांबांवर घ्यायचं आहे. त्याचा अर्ज अधिसूचनेची प्रत जोडून योग्य त्या ऑफिसला दिलाय, आणि पोच माझ्या फाइलला आहे.