कुणग्यातला साउंड

आमचा धंदा साउंडचा. कुडाळला गोडाऊन आणि वर्षाचा क्रम ठरलेला: गणपतीत भजनं, दिवाळीनंतर जत्रा आणि दशावतार, मग लग्नं, आणि अधूनमधून कुठल्या तरी वाडीच्या पूजेला डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनातला सामना. मुंबई-पुण्याच्या बँडना साउंड द्यायची वेळ आमच्यावर क्वचितच येते. त्यामुळे मे महिन्यातल्या एका शनिवार-रविवारच्या संगीत महोत्सवाचं काम आलं तेव्हा मी फारशी घासाघीस केली नाही. जागा मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला, सुरू आणि माडांच्या पट्ट्यामागे. दोन दिवस गाणी, प्रेक्षकांचा मुक्काम तिथेच तंबूत, आणि रविवारी समारोपाला ‘स्थानिक रंग’ म्हणून डबलबारी. हा शब्द आयोजकांचा. डबलबारीला रंग म्हणणारा माणूस एकदा रात्री दोन वाजता दोन बुवांच्या मधे बसवायला हवा.

पास हातात आले तसे मित्रही गोळा झाले. शाळेत शिकवणारा आमचा मास्तर, वहिनी, गुरांचा डॉक्टर आणि भाई. भाईची आंब्याची बाग पलीकडच्याच वाडीत, त्यामुळे त्याला पास कशाला लागतो हे मला कळेना, पण गळ्यात फीत घालून फिरायची त्याला भारी हौस.

मैदान बघायला गेलो तेव्हा आयोजकांचा माणूस खूश होता. म्हणाला, कोकणात एवढी सपाट जागा मिळत नाही. खरंच मिळत नाही. जी मिळते ती भाताची असते. कापणीनंतर मोकळे पडलेले पाच-सहा कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, मधल्या मेरा, म्हणजे मातीचे बांध, थोड्या खरवडून एकत्र केलेले, कडेला गुडघाभर उंचीची बाहेरची मेर तशीच. जमीनमालक आबा मेरेवर बसून बिडी ओढत होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “ह्यो कुणगो पाणी धरूकच केललो आसा. सपाट दिसता म्हणान काय मैदान होता?” आयोजकांच्या माणसाला मालवणी कळत नव्हती. मी सांगितलं, तर तो म्हणाला की मान्सून जूनमध्ये येतो. त्याचंही खोटं नव्हतं, सिंधुदुर्गात तो जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतात. पण 2025 साली तो 25 मेलाच देवगडला पोचला होता, आणि मान्सून राहू दे बाजूला, वळीव काही तारीख विचारून येत नाही.

आम्ही आमच्या पद्धतीने मांडणी केली. जनरेटर चढाला. डिस्ट्रिब्युशनच्या पेट्या, अँप्लिफायरचे रॅक, मिक्सरचं टेबल, सगळं चिऱ्यांवर. भाईच्या कुंपणासाठी आणलेले चिरे आदल्या रात्री टेम्पोत भरून आणले. अर्थिंगचे रॉड दोन ठिकाणी ठोकले, खड्ड्यात मीठ-कोळसा घातला. लाइटवाल्यांची टीम बाहेरची, त्यांनी आपल्या केबल जमिनीवरूनच नेल्या.

स्टेजची पाठ समुद्राकडे होती. फोटोत सूर्यास्त बँडच्या मागे यावा म्हणून. म्हणजे प्रेक्षकांची तोंडं पश्चिमेला, माझंही. शनिवारी दुपार कडक उन्हाची. गर्दी भरत होती, कोकम सरबताच्या स्टॉलवर रांग, वहिनी आणि डॉक्टर पार स्टेजच्या कठड्याला चिकटलेले. आवाज छान बसला होता. मागच्या लोकांसाठी चाळीस मीटरवर वेगळे स्पीकर लावले होते, त्यांना 115 मिलिसेकंद उशीर दिला होता, म्हणजे स्टेजवरून हवेतून जाणारा आवाज आणि त्या स्पीकरचा आवाज एकदमच कानावर पडतो.

सहाच्या सुमारास एका बँडची गायिका गाता गाता सारखी आमच्या डोक्यांवरून पलीकडे बघायला लागली. आधी वाटलं, मॉनिटरमध्ये, म्हणजे तिला तिचाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये, काही कमी-जास्त झालंय. मी तिचा आवाज थोडा वाढवला. तिने मान हलवली, बोटाने मागे दाखवलं. मी वळलो. सह्याद्रीच्या अंगाने आभाळ काळंनिळं होऊन वर चढलं होतं आणि एवढ्या गर्दीत ते फक्त स्टेजवरच्या पाच जणांना दिसत होतं.

वीज चमकली. मी मोजायला लागलो. आवाजाला एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद लागतात, उशीर लावायचं आमचं गणित तेच, फक्त इथे मिलिसेकंद नाहीत. पहिल्यांदा एकवीसपर्यंत मोजलं. सात किलोमीटर. चमकणं आणि गडगडणं यांत तीस सेकंदांहून कमी वेळ असला की उघड्यावर थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही, हा नियम. मास्तर धावत आला, त्याच्या फोनवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आमचा भाग लाल दाखवत होतं. पुढच्या वेळेला मोजणं बारावरच थांबलं.

गाणं अर्ध्यात तोडायला सांगणं सोपं नसतं, पण त्या मुलीने तोडलं. तिनेच माइकवरून शांतपणे सांगितलं की झाडाखाली जाऊ नका, लोखंडी खांबांना टेकू नका, शाळेत आणि भाईच्या शेडमध्ये चला. आम्ही खाली आधी अँप बंद केले, मग मिक्सर, मग जनरेटर. टांगलेले स्पीकर चेन ब्लॉकने उतरवायला माझ्या पोरांना काही मिनिटं पुरली. ताडपत्री बांधून होते न होते तोच पहिली सर आली, आडवी, वाऱ्यासकट.

भाईची शेड म्हणजे पत्र्याची आंबा भरायची खोपी, पण लांबलचक. हंगाम संपत आलेला, कॅनिंगला जायच्या आंब्याचे क्रेट छतापर्यंत रचलेले. दोन-तीनशे भिजलेली माणसं आत, पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि आंब्याचा वास. कुणीतरी विचारलं, एक घेऊ का? भाई ओरडला, “खावा रे, नायतरी कॅनिंगकच जातलो!” त्यानंतर जे झालं त्याला आंबे खाणं म्हणत नाहीत. कोपरापर्यंत रस, कोयी उलट्या क्रेटमध्ये. ड्रमवाल्याने दोन रिकामे क्रेट पालथे घातले आणि मास्तरला म्हणाला, काहीतरी वाजवू या. मास्तर लहानपणापासून भजनाला झांज वाजवणारा. पत्र्यावरच्या पावसाला ताल नसतो, तरी त्या दोघांनी त्यातून काहीतरी लावून धरलं. शनिवारचा मुख्य बँड स्टेजवर चढलाच नाही. त्यांचा गिटारवाला कोयींच्या क्रेटवर बसून वहिनीने दिलेलं घावन खात होता, स्टॉलवाल्यांत फक्त तिच्या माहेरच्या बाईंची चूल शाबूत होती म्हणून.

रविवारी सकाळी कुणग्याने आपलं काम चोख केलं होतं. घोट्यापेक्षा वर पाणी, त्यात तंबूंची टोकं, रंगीत पिशव्या, एक एकटी स्लिपर. आयोजक पंप शोधायला मालवणला निघाले होते. आबा मेरेवर होतेच. म्हणाले, “पंप कित्याक? मेर फोडा. पाणी खालच्या कुणग्यात जांवदे, थंयसून व्हाळात.” त्यांनी जागा दाखवली, डॉक्टर आणि माझी दोन पोरं यांनी कुदळीने हातभर तोंड पाडलं. पाणी तोंडाशी जरा घुटमळलं, मग सुटलं. तासाभरात पाणी गेलं, चिखल राहिला. स्टेजसमोर भाईने सुका पेंढा आणून अंथरला, त्यावर माडाचे झाप. चालायला वाट झाली, पण मधला पट्टा तसाच राहिला, तिथे पाय घातला की पोटरीपर्यंत.

माझा सगळा सकाळचा वेळ विजेत गेला. जनरेटर लावला की ईएलसीबी पडायचा. आमच्या पेट्यांतला तीस मिलिअँपला पडतो, म्हणजे तेवढा करंट कुठूनतरी जमिनीत गळला की लाइन तोडतो, आणि म्हणूनच माणूस वाचतो. कुणीतरी सुचवलं, तो बायपास करा, कार्यक्रम होऊन जाऊ दे. ओल्या पायाने शेकडो पोरं लोखंडी कठड्याला धरून नाचणार होती. मी त्याला चहा प्यायला पाठवलं. एकेक लाइन काढून बघत गेलो. आमच्या सगळ्या कोरड्या निघाल्या. लाइटवाल्यांच्या केबलमध्ये काळी टेप गुंडाळलेला जोड होता, नेमका डबक्यात बसलेला. तो कापला, नवी केबल खांबांवरून नेली, आणि ईएलसीबी धरून राहिला.

दुपारी तीनला पहिला सूर निघाला आणि मग मी असं काही पाहिलं जे आमच्या जत्रांत दिसत नाही. जत्रेत माणूस चप्पल आणि इस्त्री सांभाळून उभा असतो. इथे कपडे, बूट, फोन, केस, सगळं आधीच वाया गेलेलं होतं, सांभाळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एक मुलगा पाय घसरून बसला, उठायला हात दिला त्याला त्याने खाली ओढलं, आणि दहा मिनिटांत तो मधला पट्टा भरून गेला. आमची वहिनी, पंचायत समितीत नोकरी करते, तीही त्यात. ती शहरातल्या पोरींना शिकवत होती: टाच आधी टेकायची नाही, बोटं रुतवायची आणि मग वजन टाकायचं. भातलावणीच्या दिवसांत लहानपणापासून चालत आलेली बाई ती, एकदाही पडली नाही.

डॉक्टर तेवढा कडेला उभा, हातात साबणाची वडी. आमच्या जिल्ह्यात लेप्टोचा ताप नवा नाही. उंदीर-गुरांच्या मुतातून तो पाण्या-चिखलात येतो आणि पायावरच्या जखमेतून शिरतो. ज्याच्या पायाला ओरखडा दिसेल त्याला डॉक्टर बाहेर काढायचा, नळावर न्यायचा, धुवायला लावायचा, आणि बजावायचा की पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नको, डॉक्टरला चिखलात नाचल्याचं सांग. पोरं त्याला ‘सोप अंकल’ म्हणायला लागली. तो गुरांचा डॉक्टर आहे हे आम्ही शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

डबलबारीला प्रश्न वेगळाच. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम, आणि परवानगी तेवढीच होती. रात्रभर चालायची गोष्ट दोन तासांत बसवायची. त्यात दमट हवेने पखवाजाची पानं सैल पडून आवाज उतरलेला, आणि पेटीची पट्टी तर बदलत नाही. दोन्ही पखवाजवाले हॅलोजनसमोर पखवाज धरून बसले, अधूनमधून हातोडीने गट्टे ठोकत, डाव्या पानाला ताजी कणीक मळत. मी माइक लावायला गेलो तर एक म्हणाला, जरा थांब, अजून कच्चा आहे.

पहिल्या बुवांनी आळवून अभंग घेतला तेव्हा पुढची पोरं नुसतीच उभी होती, काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. दुसऱ्या बुवांनी उभं राहताच समोरच्या बुवांची फिरकी घेतली, की हे आल्यापासून रुतलेत, यांना वर काढायला आता कोण येणार. आपल्याकडचे लोक हसले, मास्तरने शेजारच्यांना अर्थ सांगितला, आणि एका क्षणाच्या उशिराने मागून दुसरं हसू आलं. त्याला मिक्सरवर उपाय नसतो. मग गजर आला. गजराला अर्थ सांगावा लागला नाही. झांजा चढल्या, कोरस चढला, चिखलातली रांग बुवांच्या हातवाऱ्यांबरोबर पुढेमागे व्हायला लागली, आणि कालची ती गायिका स्टेजच्या बाजूला कोरसमध्ये बसून टाळ्या देत होती. मी फेडर तसेच ठेवून टेबलामागून बाहेर आलो, पोराला म्हटलं तू बघ, आणि चपला काढल्या. एवढ्या वर्षांत मी माझ्याच साउंडवर कधी नाचलो नव्हतो. बास पायातून येतो, चिखलातून तर फारच.

दहाला पाच कमी असताना मास्टर फेडर खाली घेतला. बुवा माइकशिवाय अजून थोडा वेळ गात राहिले, त्याला कायदा आड येत नव्हता.

सोमवारी आवराआवर. आयोजकांतला एक हौशी मुलगा आबांना म्हणाला, तुमची चिखलणी आम्हीच फुकट करून दिली. आबा म्हणाले, “मे म्हयन्यात चिखलणी? माती दाबून टाकलात सगळी. ऊन पडला की दगड होतलो तेचो.” हे त्यांचं बरोबर होतं. लावणीआधी वर पाणी असताना केलेली चिखलणी वेगळी, आणि तुडवून वाळलेला चिखल वेगळा. तासभर बोलाचाली झाली, शेवटी ट्रॅक्टरच्या नांगरणीचे पैसे आयोजकांनी वेगळे मोजले.

मला दुसरीच धास्ती होती. तंबूंच्या लोखंडी खुंट्या, खिळे, बाटल्यांची झाकणं, सगळं त्या चिखलात, आणि जुलैत तिथे बायका अनवाणी वाकून लावणी करणार. आमच्याकडे जळलेला अठरा इंची स्पीकर होता, जुना, फेराइटच्या जड चुंबकाचा. कोन फाडला, मागच्या लोहचुंबकाला दोरी बांधली, आणि भाई आणि मी तो नांगरासारखा कुणगाभर ओढत फिरलो. थोड्या थोड्या वेळाने उचलायचा, झटकायचा. अर्धी बादली लोखंड निघालं, एका गिटारच्या तारांचं भेंडोळंसुद्धा. प्लास्टिकचे केबल टाय मात्र चुंबकाला लागत नाहीत, ते माझ्या पोरांनी रांग धरून हाताने वेचले. आबा सगळा वेळ शेजारी चालत, राहिलेली जागा दाखवत होते.

सामान टेम्पोत चढल्यावर त्यांनी लोहचुंबक मागून घेतलं. त्यांची एक लोखंडी बालदी गेल्या पावसाळ्यात विहिरीत पडली आहे म्हणे. बालदी दुसऱ्याच दिवशी वर आली, तसा भाईचा फोन आला. आता अख्खी वाडी आपापल्या विहिरीसाठी ते नेते आहे, आणि माझ्याकडे ते परत येण्याची काही चिन्हं नाहीत.