पित्ताची गोळी खाऊन दबणारं दुखणं

परभणीच्या मामांच्या एंडोस्कोपी रिपोर्टात इंटेस्टिनल मेटाप्लेजिया आलं, म्हणजे जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी झाल्यात, आणि घरात लगेच कॅन्सर म्हणून रडारड. तसं नसतं हो! हा त्या वाटेवरचा टप्पा आहे, बहुतेकांना पुढं कॅन्सर होत नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. मूळ बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, १९९४ मध्येच डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं त्याला कॅन्सरकारक ठरवलंय, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला की बहुतेकदा जातो. आमच्याकडं पित्त म्हणून वर्षानुवर्षं मेडिकलवरून गोळ्या आणून खातात, त्यानं कॅन्सरच्या अल्सरचंही दुखणं दबतं, याचीच मला भीती वाटते. वजन उतरतंय, संडासला काळं होतंय तर दुर्बिणीनं तपासा, आणि डॉक्टर तुकडा काढू म्हणाले तर काढू द्या, नुसत्या नजरेनं साधा अल्सर कुठला ते कळत नाही.