पाचव्या चाकाचा रंग

माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोरानं चाक तारेला अडकवून गंज काढायच्या टबावर धरलं होतं, आता फक्त खाली सोडायचं बाकी, आणि तेवढ्यात पाण्याचा एक शिंतोडा उडून चाकाच्या मधल्या भागावर पडला आणि तिथला काळा रंग चमकला. धूळ होती म्हणून राखाडी दिसत होतं इतकंच. मी इतक्या जोरात "थांब" म्हणून ओरडले की त्याच्या हातून चाक निसटणारच होतं. ते चाक टबात गेलं असतं तर रात्रीतून सगळा रंग फुगून सुटला असता आणि आम्हाला कळलंही नसतं काय गेलं ते.

आधी काम काय होतं ते सांगते. गाडी १९६४ सालची फोक्सवॅगन बीटल, रंग सी ब्लू, कोड एल ३६०. मालक काका सत्तरीच्या पुढचे, गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मी पूर्ण गाडी करत नाही, माझ्याकडे सुटे पार्ट येतात, चाकं, स्टेअरिंग, हेडलाइटच्या वाट्या, डॅशचे पत्रे, जे झिजलंय किंवा गंजलंय पण फेकायचं नाहीये असं सगळं. काकांनी स्टेपनी धरून पाच चाकं आणून ठेवली आणि म्हणाले, ही माझ्या वडिलांच्या हातची ओरिजिनल चाकं आहेत, पाचही एकसारखी करून दे.

लोक मला नेहमी विचारतात की बीटलचे नवे पार्ट मिळतात की सगळे, मग जुनं घासत कशाला बसायचं. मिळतात हे खरंय. ही गाडी २००३ पर्यंत मेक्सिकोत पुएब्लाला बनत होती, एकूण २ कोटी १५ लाखांच्या वर निघाल्या, त्यामुळे पार्टची कमी नाही. पण १९६४ ची चाकं म्हणजे १५ इंची, पाच बोल्टची, मधली थाळी सलग, तिला खाचा नाहीत. १९६६ च्या मॉडेलपासून खाचांची चाकं आली आणि पुढे चार बोल्टची. म्हणजे बीटलचं कुठलंही चाक आणि या गाडीचं चाक यात फरक आहे. आणि चाकावर महिना-सालाचा शिक्का ठोकलेला असतो, तो नव्या चाकावर कुठून आणणार?

तर टब. गंज काढायला मी शक्यतो सँडब्लास्ट, म्हणजे वाळूचा मारा, करत नाही, त्यात शिक्क्याची धार जाते. प्लास्टिकच्या टबात पाणी, पाच लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, चार्जरची निगेटिव्ह वायर चाकाला आणि पॉझिटिव्ह एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला. गंज सुटतो, चांगलं लोखंड तसंच राहतं. पट्टी स्टेनलेसची कधीच वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि टब बंद खोलीत ठेवायचा नाही कारण हायड्रोजन सुटतो, एक ठिणगी पुरते. हे मी पोराकडून पहिल्या आठवड्यातच पाठ करून घेतलं होतं. पण टबात टाकायच्या आधी प्रत्येक चाक नीट पुसून बघायचं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं, ती चूक माझी.

तारेवरचं ते चाक म्हणजे स्टेपनी. ती उतरवून टेबलावर घेतली आणि ओल्या फडक्यानं हळूहळू पुसली. बाहेरची कड पांढरी, मधली थाळी काळी, आणि दोन्हीच्या मधली रेघ तशी तलवारीसारखी धारदार नाही, किंचित मऊ. बाकीच्या चार चाकांवर वरून चंदेरी रंग होता, त्याखाली काय आहे ते कळायलाच मार्ग नव्हता. ही स्टेपनी मात्र सगळी वर्षं पुढच्या डिकीत अंधारात उभी होती, बहुतेक कधी रस्त्यावर आलीच नव्हती. फक्त खालच्या बाजूला गंजाचा एक लांब ओघळ होता. या गाड्यांत काच धुवायच्या पाण्याची बाटली स्टेपनीच्या मधोमध बसते, ती कधीतरी गळत असणार.

मग शिक्के बघितले. स्टेपनी १९६४. रस्त्यावरच्या चारांपैकी तीन १९६४. चौथं १९६२.

मी दोनदा पुसलं, टॉर्च तिरका धरून बघितलं, ६२ च होतं. मग त्या चाकावर हबकॅपखाली, म्हणजे मधल्या झाकणाखाली, झाकल्या जाणाऱ्या जागी पाणी पेपरनं (ओल्यानं घासायच्या सँडपेपरनं) रुपयाएवढी खिडकी काढली. अशी खिडकी काढली की रंगाचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे दिसतात, वर चंदेरी, मग काळा, मग पांढरा, आणि सगळ्यात खाली प्रायमरच्या वर हिरवट. निळ्या गाडीच्या चाकाला हिरवट तळ. म्हणजे हे दुसऱ्याच कुठल्यातरी बीटलचं चाक. बाकी तिघांवर खिडकी काढली तर तळाला काळाच निघाला, स्टेपनीशी जुळणारा. (थर काढताना कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, पाण्यानेच घासा आणि मास्क लावा.)

काकांना सांगायचं की नाही यावर मी बराच वेळ बसून राहिले. सांगितलं नसतं तर त्यांना कधीच कळलं नसतं, पाचही रंगवून दिली असती आणि ते खुश झाले असते. पण त्यांनी माझ्याकडे ओरिजिनल म्हणून काम दिलंय आणि मला माहिती आहे की एक नाहीये, हे पोटात ठेवून मला रंगाची गन हातात धरता आली नसती. फोन केला. ते दुपारीच आले.

शिक्का बघून ते काही बोललेच नाहीत. बोट फिरवत राहिले त्या आकड्यावर. मग म्हणाले, "मी लहान असताना एकदा खड्ड्यात जोरात आदळली होती गाडी, चाक वाकलं होतं. बाबांनी दुसरं कुठून आणलं असेल तेव्हा." आणि लगेच, "मग असं कर, स्टेपनी रस्त्यावर घे. हे ६२ वालं स्टेपनीला टाक. म्हणजे चारही खरी होतील."

हिशोबानं बरोबर होतं, शिक्के जुळले असते. पण स्टेपनी रस्त्यावर घ्यायची म्हणजे बाकीच्यांसारखी करायची, म्हणजे तिचा रंग काढायचा.

"काका, हिला मी हात लावणार नाही," मी म्हणाले. "गंज थांबवते, पुसते, वॅक्स लावते, बास."

"अगं पण मला पाचही सारखी हवीत असं सांगितलं होतं ना मी."

"उरलेली चार कशावरून रंगवू मग? ही एकच आहे जिच्यावर कारखान्यातला रंग आहे. ही घासली की त्यानंतर सगळा अंदाज."

ते वैतागले. पैसे मी देतोय असंही म्हणाले, आणि ते खरंच होतं. मी वाद घातला नाही, चाक उलटं केलं आणि मागची बाजू दाखवली. तिथे रंगाचा एक ओघळ होता, एका बोल्टच्या भोकापासून निघून कडेकडे जाऊन सुकलेला, वाळलेल्या डिंकासारखा. रंगवताना चाक टांगलेलं होतं आणि रंग खाली आला, कुणीतरी तो पुसला नाही, भट्टीत तसाच पक्का झाला. आपल्याकडे असा ओघळ आला तर पोराला ओरडा बसतो आणि ताबडतोब घासून जातो. काकांनी त्यावर अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग "ठीक आहे" म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले, मला वाटलं चिडूनच गेले.

आता खरं काम. आणि इथे मी माती खाल्ली.

पहिलं चाक टबातून निघालं, धुतलं, वाळवलं, खड्ड्यांमध्ये फॉस्फोरिक ॲसिडचा हात मारला, इपॉक्सी प्रायमर मारला, बारीक खड्ड्यांना लांबी (पुट्टी) भरली, फक्त दिसणाऱ्या कडेवर हां, टायर जिथे बसतो त्या बीडवर आणि ब्रेकच्या ड्रमला टेकणाऱ्या जागेवर लांबी अजिबात नाही. ३२० नंबरच्या पेपरनं घासलं, मग ६०० च्या पाणी पेपरनं. प्रायमरमध्ये दोन-तीन टाचणीएवढे खड्डे दिसले होते, मला वाटलं धूळ असेल. पांढऱ्याचा पहिला हात मारला आणि डोळ्यादेखत रंग ठिकठिकाणी मागे सरकला, गोल गोल डोळे पडले, मधे प्रायमर उघडा. फिश-आय.

कारण सिलिकॉन. टायर चमकवायला जे पॉलिश लावतात त्यात सिलिकॉन असतं, वर्षानुवर्षं ते रिमवर उतरलेलं, आणि सोड्याच्या पाण्यानं ते जात नाही. मी ग्रीस रिमूव्हरनं पुसायच्या आधी घासलं, म्हणजे ते पेपरच्या चऱ्यांमध्ये आणखी खोल चोळून बसवलं. आधी पुसायचं, मग घासायचं, परत पुसायचं, हा क्रम मला पंधरा वर्षं माहिती आहे आणि त्या दिवशी डोक्यात स्टेपनी असल्यामुळे मी तो चुकवला.

रंगात टाकायचं फिश-आयचं औषध मिळतं, पण ते स्वतःच सिलिकॉन असतं, एकदा गनमध्ये आणि बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या खोलीत, गेलं की पुढच्या प्रत्येक कामाला त्रास. मी टाकलं नाही. चाक सुकू दिलं, पत्र्यापर्यंत खाली नेलं, दोन फडक्यांनी पुसलं, एक ओलं आणि लगेच मागून एक कोरडं, कारण एकाच फडक्यानं पुसलं तर घाण फक्त जागा बदलते. फडकी दर वेळी नवी. मग बाकी तिन्ही चाकंही तशीच परत केली, प्रायमर झालेलं होतं तरी. पोरगा म्हणाला, ताई त्यांना तर काही झालं नव्हतं. झालं नव्हतं कारण अजून रंग पडला नव्हता त्यांच्यावर.

पांढऱ्याच्या शेडनं आणखी एक आठवडा खाल्ला. स्टेपनीचा पांढरा बघून शेड बनवली असती तर ती चुकली असती, कारण असला जुना इनॅमल अंधारात पिवळट पडतो आणि उजेडात थोडा परत येतो. म्हणून स्टेपनी आठवडाभर खिडकीत ठेवली, अर्धी कड कागदानं झाकून. कागद काढला तेव्हा दोन्ही अर्ध्यांत फरक साध्या डोळ्यांनी दिसत होता. उजेडातल्या बाजूवरून शेड घेतली. वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारला नाही, मूळ रंगाला तो नव्हता, आणि क्लिअरची ती काचेसारखी खोल चमक या चाकावर परकी दिसते. पावडर कोटिंगला पण मी नाही म्हणते, थर जाड बसतो आणि शिक्का बुजतो.

टू-के, म्हणजे हार्डनर मिसळलेला, रंग मारताना मी बाहेरून हवा येणारा मास्क वापरते, पोराला तर त्याशिवाय बूथमध्ये पाऊलच ठेवू देत नाही. हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा वास येत नाही, आणि एकदा दमा मागे लागला की हे काम सुटतं. बोल्ट जिथे बसतात त्या वाट्या आणि ड्रमला लागणारी जागा झाकून रंग मारला, तिथे फक्त पातळ प्रायमर. जाड रंग तिथे राहिला तर तो नंतर दबतो आणि बोल्ट ढिले पडतात.

चारही चाकं मी स्टेपनीवरचा ओघळ ज्या बाजूला गेला होता तशीच टांगली. उपयोग काही नाही त्याचा, मला बरं वाटलं. आणि दोन रंगांमधली रेघ टेपनं कडक न काढता टेपची कड किंचित उचलून मारली, तिसऱ्या प्रयत्नात ती तेवढीच मऊ आली जेवढी स्टेपनीवर आहे. ६२ च्या चाकाला हबकॅपखाली जिथे खिडकी काढली होती तेवढी जागा उघडीच ठेवून वर वॅक्स लावलं, हिरवट दिसतंय तसंच. काकांना फोनवर विचारलं होतं, ते म्हणाले राहू दे.

गाडी घेऊन ते आले तेव्हा चाकं चढवली, बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले आणि ऐंशी-शंभर किलोमीटर चालवून परत आवळून घ्या म्हणून सांगितलं. स्टेपनी शेवटी. काकांनी ती स्वतः उचलली, पोराला हात लावू दिला नाही, डिकीत उभी केली, बाटली तिच्या मधोमध बसवली, पाणी भरलं. मी नवा वायसर आणि नवी नळी आणून ठेवली होती. या गाड्यांत काच धुवायला पंप नसतो, हवेच्या दाबानं पाणी येतं. पोरानं हवा भरली, नळी जोडली, गळतंय का बघायला बोटानं चाचपली.

काका आत बसले आणि बटण दाबलं. एक क्षण काहीच झालं नाही, मग काचेवर दोन बारीक धारा उडाल्या, एक तर टपावरून पलीकडे गेली आणि माझ्या तोंडावर पडली. त्यांनी परत दाबलं.