कोंबडीचा पाला, ताटातला पाला

आमच्या पेडण्याकडे तांबडी भाजीचे, म्हणजे लाल माठाचे वाफे पडतात ते दिवाळीनंतर. उन्हाळा लागेपर्यंत तिच्या जुड्यांना तोटा नसतो. पण मिरग लागला की माझ्या परसात तिचा टिकाव लागत नाही. धारांनी रोपं आडवी पडतात, पानांवर चिखल बसतो आणि मुळं कुजतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. याच दिवसांत गावठी कोंबड्या खुराड्यात अडकून बसतात आणि श्रावणात घरातली मासळी बंद होते. पाला दोन्हीकडे हवा असतो, आणि तो पावसात उभा राहणारा हवा. म्हणून मी जुड्यांचा नाद सोडून झुडपांकडे वळले.

पहिला मान शेवग्याचा. गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं हे ठरलेलं. पण एरवी याच झाडाकडे लोक फक्त शेंगांसाठी बघतात. मी ते कमरेच्या वर वाढू देत नाही. छाटलं की फुटवे येतात, पाला हाताशी राहतो आणि वाऱ्यात फांद्या मोडत नाहीत. शेवग्याचं लाकूड फार ठिसूळ. छाटलेल्या फांद्या तशाच खुराड्यात टांगायच्या, दुपारपर्यंत नुसत्या काड्या उरतात.

टांगायच्या म्हणजे नीट बांधून टांगायच्या. कोंबडीला दात नाहीत. पान कुठेतरी घट्ट धरलेलं असेल तरच तिला झटका देऊन तुकडा तोडता येतो. जमिनीवर टाकलेला पाला ती पायाने उकरते, विष्ठेत मिसळते आणि निम्मा वाया घालवते. मी काथ्याने जुडी बांधून तिच्या मानेच्या उंचीवर लटकवते. एक कोंबडी ओढते तेव्हा जुडी झुलते, मग दुसरी तिच्यावर झेपावते. पावसात कोंडून पडलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसं टोचतात, तेही यामुळे कमी होतं. फक्त जून, धागेदार देठ असतील तर बारीक चिरून द्यावेत. लांब धागे गळ्याखालच्या पिशवीत गुंतून तुंबतात आणि कोंबडी खाणं सोडते.

आता नव्या झाडांकडे येते. नारळाखालच्या सावलीत ब्राझिलियन पालक लावला आहे. सुरकुतलेली, कुरकुरीत पानं, जमिनीलगत पसरणारा. काडी मातीत खुपसली की लागते. खरा पालक कोकणातल्या पावसात टिकत नाही, हा मात्र भिजून आणखी फोफावतो. खोबरं, कांदा, हिरवी मिरची घालून तांबड्या भाजीसारखाच परतायचा. यात ऑक्झलेट असतं, म्हणून मी तो कच्चा वाढत नाही. कुंपणाला मायाळू आहे. त्याची सुंगटं (कोळंबी) घालून केलेली भाजी श्रावण संपला की पहिल्यांदा होते.

आणि मग चाया. मेक्सिकोतल्या युकाटानकडचं हे झुडूप माझ्या चुलत बहिणीने काडी देऊन लावायला लावलं. पपईसारखी कातरलेली गडद पानं, माणसाच्या उंचीचं झाड, किडीचा त्रास जवळजवळ नाही. तोडलं की पुन्हा फुटतं. चव पालकाहून भरीव, आणि शिजल्यावर गिळगिळीत होत नाही. पण या पानात कच्चेपणी सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. मोठ्या उकळीत, झाकण न ठेवता, किमान पंधरा-वीस मिनिटं शिजवल्यावर ती वाफेबरोबर निघून जातात. ॲल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही, मी स्टीलच्या टोपात शिजवते आणि पाणी ओतून टाकते. कच्चं पान कोंबड्यांनाही नाही. उकडून, थंड करून, पेजेच्या शितांत कालवून थोडं देते.

याच झाडापाशी शेजारची काकी मला म्हणाली, “कोंबयो खातात न्हय गे? मागीर आमकां कितें जातलें?” कोंबडीला चालतं ते माणसालाही चालतं, हा समज गावोगाव आहे आणि तो मला धोक्याचा वाटतो. कोंबडीची जीभ आणि आपली जीभ वेगळी. परसातली लाल मिरची ती खुशाल टिपते, कारण मिरचीतला तिखटपणा पक्ष्यांना लागतच नाही. उलट, हल्ली जो तो आवाकाडो लावतो. त्याचा गर आपण आवडीने खातो, पण झाडातलं पर्सिन हे द्रव्य पक्ष्यांना मारक असतं. माझ्याकडे ते झाड कोंबड्यांच्या वाटेवर नाही. सुबाभळीचंही तसंच. शेळी तिचा पाला आवडीने खाते, पण त्या पाल्यातलं मिमोसिन हे द्रव्य कोंबडीला बाधतं. एकाच्या पोटावरून दुसऱ्याचं पोट ठरवता येत नाही. प्रत्येक पाला वेगळा ओळखावा लागतो. कच्चा चालतो की शिजवूनच, किती आणि कुणाला, हे विचारल्याशिवाय मी नवीन काडी लावत नाही.

चेकुरमानिस हे त्यातलं सगळ्यात शिकवणारं झाड. केरळात दारोदारी असतं, आणि नर्सरीवाले त्याला मल्टीव्हिटामिन म्हणून विकतात. बांधाला ओळीने लावलं की हिरवं कुंपण होतं, पानाला हिरव्या वाटाण्यासारखी गोडी असते, आणि मलेशिया-इंडोनेशियात ते पिढ्यान् पिढ्या शिजवून खाल्लं जातं. पण १९९४-९५ मध्ये तैवानमध्ये वजन उतरवण्यासाठी लोकांनी त्याचा कच्चा रस रोज, आठवडेच्या आठवडे प्यायला. त्यातल्या अनेकांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या बंद झाल्या, काहींवर फुप्फुस बदलण्याची वेळ आली. पान तेच होतं. मात्रा आणि रीत बदलली. आमच्याकडे ते डाळीत मूठभर पडतं, तेही कधीतरीच. रस करून प्या असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका.

जुन्या ओळखीच्या पाल्यालाही हेच लागू आहे. टाकळा, आमचा तायखिळा, पहिल्या पावसात रस्त्याकडेला उगवतो. कोवळे शेंडे खुडून फणसाची बिकणां घालून केलेल्या भाजीची सर दुसऱ्या कशाला नाही. पण पावसाच्या शेवटी त्याला शेंगा धरतात, आणि टाकळ्याच्या जातकुळीतल्या बिया खाऊन कोंबड्यांचे स्नायू कमजोर होतात. म्हणून शेंग दिसायच्या आत खुराड्याच्या आजूबाजूचा सगळा टाकळा मी उपटते. तेरं (रानआळू) आणि आळू तर आपणही अंबाडा किंवा सोलं घातल्याशिवाय शिजवत नाही, ती खाज कोंबड्यांच्या वाट्याला कशाला घालायची?

पाल्याने अंड्याचा बलक केशरीकडे झुकतो, हे खरं आहे. पानांतली पिवळी रंगद्रव्यं, ल्युटीन वगैरे, कोंबडी स्वतः तयार करत नाही, ती खाण्यातूनच येतात. पण नुसत्या पाल्यावर कोंबडी घालत नाही. कणी आणि कोंडा हवाच, आणि कवचासाठी चुना हवा. तो मी तिसऱ्यांच्या शिंपल्यांतून देते. कालवणातल्या शिंपल्या धुऊन उन्हात वाळवायच्या, चुलीतल्या निखाऱ्यावर भाजायच्या, म्हणजे रगड्यावर सहज फुटतात. पीठ करायचं नाही, खडेमिठाएवढे तुकडे ठेवायचे आणि वेगळ्या करवंटीत भरून ठेवायचे. जिला हवं ती खाते. घालणारी कोंबडी करवंटीपाशी संध्याकाळी हटकून येते, कारण कवच रात्री घडतं. कोंबडा सहसा ढुंकून बघत नाही.

अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, तोही ठेवला आहे, सिमेंटच्या टाकीत वीतभर पाणी आणि शेणाचा काला घालून. सावली हवी आणि पावसात वर पत्रा हवा, नाहीतर टाकी भरून सगळा अझोला ओढ्याला. चाळणीने काढून, धुऊन, कोंड्यात कालवायचा.

चायाच्या काड्या कुणाला हव्या असतील तर चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर या. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब काडी लागते. कापल्यावर चीक सुकेपर्यंत चार-पाच दिवस सावलीत उभी करून ठेवावी आणि मग पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर लावावी. हातमोजे घालून कापा, काही झाडांच्या देठांवरची लव डसते. आणि घरी नेण्याआधी ती कशी शिजवायची ते माझ्या चुलीपाशी उभं राहून बघून जा.